धर्मानंद कोसंबी : भाषेच्या वाटेने धम्माकडे

बौद्ध वाङ्मय मराठी माणसाच्या हाती आणून देणाऱ्या विद्वानांची नावे घ्यावयाची झाल्यास आचार्य धर्मानंद कोसंबी यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. त्यांचे चरित्र बहुधा एका त्यागी साधकाचे चरित्र म्हणून सांगितले जाते आणि ते योग्यच आहे. या स्मरणिकेच्या निमित्ताने आम्ही मात्र ते दुसऱ्या अंगाने सांगू इच्छितो. कोसंबींचे आयुष्य एका भाषेच्या शोधात गेले. भाषा म्हणजे काय, ती लिपीहून वेगळी कशी, ती बदलते ती कोणत्या नियमाने, कोणती भाषा शुद्ध आणि कोणती अशुद्ध हे ठरवितो कोण, हे भाषाशास्त्राचे पायाभूत प्रश्न त्यांच्या प्रवासाच्या प्रत्येक मुक्कामावर उभे राहतात. आमच्या विद्यार्थ्यांना हे प्रश्न परके नाहीत, हे लेखाच्या अखेरीस ध्यानी येईल.

धर्मानंदांचा जन्म 9 ऑक्टोबर 1876 रोजी गोव्यातील साखवाळ या गावी झाला. गोव्यावर तेव्हा पोर्तुगिजांचा अंमल होता. घरात बोलावयाची ती कोंकणी, लिहावाचावयाची ती मराठी आणि सत्तेची ती पोर्तुगीज, अशा तीन भाषांच्या छायेत त्यांचे बालपण गेले. एकच माणूस अनेक भाषांत वावरतो आणि समाज त्या प्रत्येक भाषेला निरनिराळी प्रतिष्ठा देतो, हा भाषाजीवनाचा पहिला धडा त्यांना जन्मगावीच मिळाला. शाळेचे शिक्षण जेमतेम झाले. नारळीच्या बागेची देखरेख करीत, मिळेल ते मराठी पुस्तक वाचीत हा तरुण वाढला. 1897 च्या सुमारास ‘बालबोधमेवा’ या मुलांच्या मासिकात त्यांनी भगवान बुद्धांविषयीचा मजकूर वाचला आणि त्यांच्या मनाने ठाव सोडला. लहान मुलांसाठी सोप्या मराठीत लिहिलेल्या काही पानांनी एका आयुष्याची दिशा बदलली.

बुद्धांचा उपदेश मुळातून जाणून घ्यावा, या एकाच ध्यासाने 1899 च्या अखेरीस त्यांनी घर सोडले. मागे पत्नी आणि तान्ही मुलगी होती. त्या माउलीच्या वाट्याला आलेले एकाकीपण, या त्यागाचे गुणगान करताना विसरू नये असे आम्हांस वाटते. पुण्यात काही काळ काढून ते ग्वाल्हेरमार्गे काशीस पोहोचले. अन्नछत्रात जेवावे आणि शास्त्र्यांच्या पायाशी बसून संस्कृत व्याकरण घोकावे, असा त्यांचा काशीतील क्रम होता.

इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आम्हांस येथे थोडे थांबावेसे वाटते. काशीच्या पाठशाळेचे दार कोसंबींना उघडले, कारण ते जन्माने ब्राह्मण होते. पुढे काही वर्षांतच मुंबईच्या शाळेत शिकणाऱ्या भीमराव आंबेडकर या विद्यार्थ्याला संस्कृत शिकण्याची इच्छा असूनही तो विषय मिळाला नाही व त्यांना फारसी घ्यावी लागली. भाषा शिकण्याची पात्रता निसर्गाने सर्व मानवांना सारखी दिली आहे. कोणत्याही घरातले निरोगी मूल, जी भाषा कानावर पडेल ती चार-पाच वर्षांत आपलीशी करते. ग्रंथभाषेच्या दारावर पहारा बसविला तो निसर्गाने नव्हे, समाजाने. कोसंबींच्या कष्टांचा आदर करूनही हा फरक नोंदविणे आम्ही आपले कर्तव्य मानतो.

संस्कृत आले, पण बुद्धवचन अजून दूरच होते. 1902 मध्ये ते नेपाळात गेले. तेथील धर्माची अवस्था पाहून त्यांची निराशा झाली. बोधगयेस आल्यावर, बौद्ध ग्रंथांचे अध्ययन करावयाचे तर सिंहलद्वीपास गेले पाहिजे, असे त्यांना कळले. कलकत्त्याहून ते त्याच वर्षी कोलंबोस पोहोचले. तेथील विद्योदय विद्यालयात सुमंगल महास्थविरांच्या हाताखाली त्यांनी श्रामणेर दीक्षा घेऊन पालीचे अध्ययन आरंभिले. पुढे ते ब्रह्मदेशातही राहून आले.

हा प्रवास नकाशावर बोट ठेवून पाहावा, म्हणजे भाषांची कुळे डोळ्यांसमोर उभी राहतात. आपण ज्याला पाणी म्हणतो त्याला तमिळनाडूत तण्णीर म्हणतात, सिंहली माणूस वतुर म्हणतो, तर ब्रह्मी माणूस ये म्हणतो. पाण्याच्या अंगी असा कोणताही गुण नाही की ज्यामुळे त्याचे हेच नाव पडावे. शब्द आणि वस्तू यांचे नाते समाजाच्या संमतीने ठरते, हे भाषाशास्त्राचे पहिले सूत्र होय. दुसरे सूत्र असे की भाषांचे नाते भूगोलावरून ओळखता येत नाही. सिंहली भाषा समुद्रापलीकडची असूनही ती मराठीच्याच भारतीय-आर्य कुळातली आहे. तिच्या अगदी शेजारची तमिळ द्राविड कुळातली आहे आणि ब्रह्मी तर तिबेटी भाषेच्या गोतातली. या तीन कुळांच्या प्रदेशांतून हिंडत कोसंबी जी भाषा शिकले, ती मात्र यांपैकी कोणाच्याही घरची नव्हती. ती होती पाली.

पालीला स्वतःची लिपी नाही. सिंहलद्वीपात ती सिंहली अक्षरांत लिहितात, ब्रह्मदेशात ब्रह्मी अक्षरांत, सयामात तेथील अक्षरांत आणि युरोप-अमेरिकेत रोमन अक्षरांत. अक्षरांचे वळण पार बदलले तरी भाषा तीच राहते. लिपी हा भाषेचा अंगरखा आहे. भाषा मुळात ध्वनींची व्यवस्था आहे आणि ती मुखात व कानात राहते. त्रिपिटक प्रथम कित्येक पिढ्या भिक्षूंनी मुखोद्गत करून जपले आणि इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात सिंहलद्वीपात ते लिहून काढण्यात आले, असे तेथील परंपरा सांगते. जगात आजही अनेक भाषा अशा आहेत की त्यांना लिपी नाही. त्यामुळे त्यांचे व्याकरण कमी होत नाही आणि त्यांत गहन विचार मांडता येत नाही असेही नाही.

पाली हा शब्ददेखील मुळात भाषेचे नाव नव्हता. त्याचा अर्थ मूळ ग्रंथपाठ असा होता. परंपरा त्या भाषेला मागधी म्हणे. भगवान बुद्धांची भाषाविषयक भूमिका विनयपिटकातील चुल्लवग्गात नोंदलेली आहे. ब्राह्मण कुळातून आलेल्या दोन भिक्षू बंधूंना असे वाटले की, नाना जातींचे व नाना प्रदेशांचे भिक्षू आपापल्या बोलीत बुद्धवचन म्हणून ते बिघडवितात. तेव्हा ते छांदस भाषेत बांधून टाकावे. भगवंतांनी त्यास साफ नकार दिला, तसे करणाऱ्याला दोषी ठरविले आणि बुद्धवचन स्वतःच्या भाषेत शिकण्याची अनुज्ञा दिली. या ठिकाणी स्वतःची म्हणजे शिकणाऱ्याची की बुद्धांची, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहे. पुढे आचार्य बुद्धघोषांनी दुसरा अर्थ घेतला. परंतु उच्चवर्णीयांच्या ग्रंथभाषेत धम्म कोंडू नये, हा आशय दोन्ही अर्थांत शिल्लक राहतो. सम्राट अशोकाने तोच मार्ग पत्करला. त्याच्या पूर्वेकडील लेखांत ‘लाजा’ असे कोरले आहे, तर गिरनारच्या लेखात ‘राजा’. एकाच सम्राटाची आज्ञा, पण प्रत्येक प्रांतातील लोकांच्या जिभेवर जो ध्वनी होता तोच दगडावर उतरला.

1906 मध्ये कोसंबी कलकत्त्यास परतले आणि तेथील विद्यापीठात पाली शिकवू लागले. तेथे प्रतिष्ठा होती, स्थैर्य होते. पण महाराष्ट्रात पालीचे नावही कोणी घेत नाही, ही खंत त्यांना स्वस्थ बसू देईना. बडोद्याचे श्रीमंत सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना महाराष्ट्रात राहून कार्य करण्याच्या अटीवर दरमहा 50 रुपये देऊ केले आणि कोसंबींनी ते स्वीकारले. याच सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर पुढे 1913 मध्ये बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात गेले, हे वाचकांना ठाऊकच आहे.

1910 मध्ये कोसंबींना अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठातून बोलावणे आले. बुद्धघोषाचार्यांनी पाचव्या शतकात रचलेल्या ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाची संशोधित आवृत्ती हेन्री क्लार्क वॉरन यांनी हाती घेतली होती, पण 1899 मध्ये त्यांचे निधन झाल्याने काम अपुरे राहिले होते. ते पूर्ण करण्यास पाली मुखोद्गत असलेला माणूस हवा होता. निरनिराळ्या लिपींतील हस्तलिखिते समोर ठेवायची, प्रत्येक वाक्यातील पाठभेद पाहायचे, लेखनिकाची चूक कोणती आणि मूळ शब्द कोणता हे भाषेच्या नियमांवरून ठरवायचे, असे ते काम. प्राध्यापक लॅनमन यांच्याशी श्रेयाच्या प्रश्नावरून मतभेद होऊन 1912 मध्ये ते परतले. पुढे आणखी तीनदा ते हार्वर्डला गेले. त्या आवृत्तीला प्रकाश दिसला तो 1950 मध्ये, कोसंबींच्या मृत्यूनंतर. मात्र 1940 मध्ये मुंबईच्या भारतीय विद्या भवनाने त्यांनी सिद्ध केलेली ‘विसुद्धिमग्गा’ची देवनागरी आवृत्ती प्रसिद्ध केली होती. रोमन अक्षरांतील ग्रंथ जगातल्या पंडितांसाठी होता, देवनागरीतला आपल्या लोकांसाठी.

अमेरिकेत असतानाच ते रशियन भाषा शिकले आणि 1929 मध्ये लेनिनग्राडलाही जाऊन आले. रशियनमध्ये दोनला ‘द्वा’, तीनला ‘त्री’ आणि भावाला ‘ब्रात’ म्हणतात. संस्कृत जाणणाऱ्याला हे शब्द आपल्या आप्तांसारखे वाटतात, कारण रशियन, इंग्रजी, फारसी, संस्कृत, पाली आणि मराठी या एकाच प्राचीन कुळाच्या दूरदूर पांगलेल्या शाखा आहेत. वंशश्रेष्ठत्वाचा डांगोरा पिटणाऱ्यांनी या भाषाकुळाच्या नावाचा पुष्कळ गैरवापर केला. भाषेचे कुळ आणि माणसाचे रक्त या दोन भिन्न गोष्टी आहेत. माणूस भाषा शिकतो, ती रक्तातून घेऊन येत नाही.

1912 ते 1918 या काळात कोसंबींनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकविली. पु. वि. बापट यांच्यासारखे पुढे विख्यात झालेले पालीचे पंडित त्यांच्या हाताखाली तयार झाले. पाली शिकताना मराठी विद्यार्थ्याला जो आनंद होतो, तो आमच्या मुलांनीही अनुभवावा म्हणून थोडी उदाहरणे देतो. संस्कृत सप्त, पाली सत्त, मराठी सात. संस्कृत अष्ट, पाली अट्ठ, मराठी आठ. संस्कृत कर्ण, पाली कण्ण, मराठी कान. संस्कृत कर्म, पाली कम्म, मराठी काम. संस्कृतातील जोडाक्षराचे पालीत एकाच व्यंजनाचे द्वित्व झाले. पुढे मराठीत त्या द्वित्वातले एक व्यंजन गळाले आणि त्याची भरपाई म्हणून मागचा ऱ्हस्व स्वर दीर्घ झाला. ध्वनी बदलतात ते लहरीने नव्हे, नियमाने बदलतात, हा तौलनिक भाषाशास्त्राचा आधारस्तंभ या चार शब्दांत दिसतो. मराठी साक्षात पालीपासून जन्मली असे म्हणता येणार नाही. ती महाराष्ट्री प्राकृत व अपभ्रंशाच्या मार्गाने आली. म्हणून पालीला मराठीची आई न म्हणता मावशी म्हणणे अधिक योग्य. तेव्हा धर्म हा शुद्ध शब्द आणि धम्म हा त्याचा गावंढळ उच्चार, असे कोणी म्हणत असेल तर त्याने सात आणि आठ हे आकडेही टाकून दिले पाहिजेत.

कोसंबींच्या विद्वत्तेचे खरे फळ त्यांच्या मराठी ग्रंथांत आहे. ‘बुद्ध, धर्म आणि संघ’, ‘बुद्धलीलासारसंग्रह’, ‘समाधिमार्ग’, ‘भगवान बुद्ध’ हे ग्रंथ त्यांनी साध्या, सरळ मराठीत लिहिले. मूळ भाषा कळली म्हणजे इतिहासही बदलतो, याचा एक दाखला येथे देण्याजोगा आहे. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने घर सोडले, ही कथा सर्वतोमुखी झाली होती. कोसंबींनी सुत्तनिपातातील अत्तदंडसुत्ताकडे लक्ष वेधले. त्यात भगवान स्वतःच्या वैराग्याचे कारण सांगतात ते असे की, कमी पाण्यातल्या माशांप्रमाणे तडफडणारी व परस्परांशी झगडणारी माणसे पाहून त्यांना भय वाटले. या आधाराने कोसंबींनी शाक्य आणि कोलिय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याच्या तंट्याला गृहत्यागाच्या मुळाशी ठेवले आणि ‘बोधिसत्त्व’ हे नाटकही त्यावर रचले. बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथातही गृहत्यागाचे कारण म्हणून हाच पाणीतंटा येतो. दुष्काळी मुलखातल्या वाचकाला पाण्याच्या तंट्याचा अर्थ निराळा समजावून सांगावा लागत नाही.

कोसंबी ग्रंथालयात कोंडून राहिले नाहीत. 1930 च्या मिठाच्या सत्याग्रहात त्यांनी कारावास पत्करला. 1937 मध्ये मुंबईत परळ येथे, कामगारांच्या वस्तीत, त्यांनी बहुजन विहार उभारला. ते गांधीजींच्या मार्गाने चालणारे होते आणि बाबासाहेबांचा मार्ग वेगळा होता, हे झाकण्याचे कारण नाही. 4 जून 1947 रोजी सेवाग्राम येथे, स्वेच्छेने अन्नत्याग करून त्यांनी देह ठेवला. मध्यम मार्गाचा उपासक म्हणून हा शेवट आम्हांला अनुकरणीय वाटत नाही. तथापि त्यांचे चिरंजीव, गणितज्ञ व इतिहासकार दामोदर कोसंबी यांनी पुढे भारतीय इतिहासाकडे जी चिकित्सक दृष्टी वळविली, तिच्यात पित्याच्या सत्यशोधनाचा वारसा आम्हांस दिसतो.

कोसंबींनी महाराष्ट्रात आणलेली पाली काही दशके महाविद्यालयांच्या वर्गांत राहिली. तिला लक्षावधी घरांत नेले ते बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी. ज्यांना एकदा संस्कृतच्या वर्गाबाहेर ठेवले गेले, त्या महामानवाने पालीचे व्याकरण आणि शब्दकोश स्वतः सिद्ध करण्याचे काम केले. महाराष्ट्र शासनाने 1998 मध्ये ते त्यांच्या समग्र वाङ्मयाच्या 16 व्या खंडात प्रसिद्ध केले. औरंगाबादेत 1950 साली स्थापन केलेल्या महाविद्यालयास त्यांनी पुढे मिलिंदाचे नाव दिले, तेही पाली ग्रंथातलेच. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात दीक्षा घेतलेला जनसमुदाय पालीतील त्रिशरण मुखाने म्हणू लागला आणि अडीच हजार वर्षांपूर्वीच्या लोकभाषेचा लोकांशी पुन्हा संबंध जुळला.

आता आमच्या दारातली गोष्ट. आपल्या तिसगावपासून जवळच मढी हे गाव आहे. कानिफनाथांच्या यात्रेला तेथे भटक्या समाजांचे लोक दूरदूरहून येतात. त्या गर्दीत कान देऊन फिरले तर भाषाशास्त्राचे प्रदर्शनच मांडलेले आढळते. कैकाडी बोली तमिळच्या गोतातली, वडारी तेलुगूच्या, बंजारा बोली राजस्थानीच्या. ज्या कुळांसाठी कोसंबींना समुद्र ओलांडावा लागला, त्यांतली दोन कुळे आपल्या तालुक्यातल्या एका यात्रेत शेजारी शेजारी पाल ठोकून उतरतात. या लोकांना कोणी बहुभाषिक म्हणून गौरविल्याचे आमच्या ऐकण्यात नाही.

आपल्या निवासी शाळेतील पुष्कळ मुले ऊसतोड कामगारांची आहेत. आईबाप कोयता घेऊन कारखान्याच्या पट्ट्यात जातात आणि मूल येथे राहते. नव्याने आलेले मूल पहिल्या दिवशी साळंची वाट सांगते, साळंतल्या पोरांची नावे सांगते; वर्गात कोणी फिदीफिदी हसले की ते गप्प होते. कधी आठवडाभर, कधी वर्षभर. या गप्प होण्यात किती बुद्धी वाया जाते, हे आम्ही शिक्षकांनी पाहिले आहे. पालीत श आणि ष हे ध्वनी नाहीत, केवळ स आहे. संस्कृतातील शाला पालीत साला होते. मराठीत त्यातला ल बदलून ळ होतो आणि शब्द होतो साळा. म्हणजे पोराच्या तोंडची साळा प्राकृताच्या सरळ वाटेने आलेली आहे आणि पुस्तकातली शाळा संस्कृताच्या वळणाने पुन्हा सजविलेली आहे. दोन्ही रूपांना इतिहास आहे, दोन्हींना नियम आहे. परीक्षेची, कचेरीची आणि ग्रंथांची प्रमाण मराठी आमच्या मुलांना आलीच पाहिजे. तीत ढिलाई करणे म्हणजे त्यांची वाट रोखणे होय. पण ती घरच्या बोलीच्या शेजारी बसवायची आहे, तिला हुसकून नव्हे.

म्हणून आमच्या सहकाऱ्यांपुढे दोन सूचना ठेवतो. सकाळच्या वंदनेतील प्रत्येक पाली शब्दाचा अर्थ, त्याचे मराठी नातलग शब्द आणि त्याचा उच्चार इयत्ता पाचवीपासून रीतसर शिकवावा. अर्थ न कळता म्हटलेले शब्द मंत्र होतात आणि मंत्रांपासून सोडवण्यासाठीच तर तथागतांनी लोकभाषा धरली. आणि प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या घरच्या बोलीतील शंभर शब्द आजी-आजोबांना विचारून वहीत उतरवावेत. ऊसतोडीचे, विणकामाचे, दगडकामाचे, स्वयंपाकाचे, औषधी पाल्याचे. कोसंबी पालीच्या शब्दांमागे काशी, कोलंबो आणि हार्वर्डपर्यंत गेले. आमच्या मुलांना हे शब्द शोधायला चुलीपर्यंत आणि कोपीपर्यंतच जायचे आहे. अशा वह्या जमल्या की त्या शाळेच्या ग्रंथालयात ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथाच्या शेजारी ठेवाव्यात, अशी आमची नम्र विनंती आहे.

नमो बुद्धाय. जयभीम.